‘स्टॉप्ड’ दिसणाऱ्या सर्व्हिसेस दाखवून झालेली फसवणूक

विंडोज संगणकातील सर्व्हिसेसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी उघडून, त्यातील अनेक नावांपुढे दिसणाऱ्या ‘स्टॉप्ड’ या शब्दाची भीती घालून एका भामट्याने सांगलीत राहणाऱ्या माझ्या मामांकडून साडेनऊ हजार रुपये घेतले, आणि नंतर त्यांचा सुरळीत चालणारा संगणक खरोखरच बिघडवून आणखी पैसे मागितले. मामांच्या संमतीने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण त्याने दाखवलेली यादी प्रत्येकाच्या घरच्या संगणकात असते आणि ती जवळपास सगळीकडे तशीच दिसते.

मामा त्यांच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार आहेत आणि देखभाल शुल्काच्या पावत्या घरच्याच संगणकावर छापतात. एका संकेतस्थळावर अर्ज शोधत असताना अचानक संपूर्ण पडदा व्यापणारी सूचना आली, भोंगा वाजू लागला आणि ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर दिसला. हे केवळ पूर्ण पडदाभर पसरलेले वेबपान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि तेथून ब्राउझर बंद केला की ते जाते. आपल्या खऱ्या सूचनांमध्ये दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो, असे मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितलेले आहे. मामांना हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्यांनी फोन केला.

समोरच्या माणसाने संगणक दुरून हाताळण्याचे ॲप त्यांच्याकडून उतरवून घेतले आणि एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलेच सेटिंग बदलण्याचे साधन उघडून ‘सर्व्हिसेस’चा विभाग दाखवला. “सर, या सगळ्या सर्व्हिसेस व्हायरसने बंद पाडल्या आहेत. आज दुरुस्ती केली नाही, तर तुमच्या बँकेची माहिती बाहेर जाईल,” असे तो सांगत राहिला. पुढे त्याने इव्हेंट व्ह्यूअरमधील, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीतील, लाल आणि पिवळ्या खुणाही दाखवल्या. यातले काहीही आजाराचे लक्षण नव्हते. विंडोजमध्ये सर्व्हिसेसची संख्या मोठी असते आणि त्यांपैकी बऱ्याच ‘मॅन्युअल’ प्रकारच्या असतात, म्हणजे गरज पडेल तेव्हा सुरू होतात आणि काम संपले की थांबतात. ज्या घरी फॅक्स नाही तेथे फॅक्सची सर्व्हिस थांबलेलीच असणार, स्मार्ट कार्ड वापरात नसेल तर त्याचीही थांबलेली असणार. दुसऱ्या संगणकावरून विंडोजच्या मूळ सेटिंग बदलू देणारी ‘रिमोट रजिस्ट्री’ तर विंडोज १० मध्ये मुळातच ‘डिसेबल्ड’, म्हणजे सुरूच होणार नाही अशी ठेवलेली, असते आणि ती तशी असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगलेच आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी १०,०१६ क्रमांकाची नोंद असंख्य निरोगी संगणकांत आढळते आणि ती दुर्लक्षित करावी, असे मायक्रोसॉफ्टच सांगते.

पैसे मिळाल्यावर त्याने सर्व्हिसेसच्या त्याच यादीत काही नावांपुढच्या ‘बरोबर’च्या खुणा काढून टाकल्या. मामांना वाटले, दुरुस्ती चालू आहे. ही पद्धत अतिशय कपटी आहे, कारण एमएसकॉन्फिगमधून खूण काढली तरी चालू असलेली सर्व्हिस लगेच थांबत नाही. संगणक पुन्हा सुरू झाल्यावरच परिणाम दिसतो. त्यामुळे त्या दिवशी सगळे ठीक चालले, आणि दुसऱ्या दिवशी आवाज गेला व पावत्या छापता येईनात. तेवढ्यात त्याचाच फोन आला आणि “प्रिंट निघते आहे का? आवाज येतो आहे का?” असे विचारून त्याने तीन वर्षांच्या देखभालीसाठी चोवीस हजारांची मागणी केली. आपण काहीच सांगितलेले नसताना याला नेमका बिघाड कसा समजला, हा प्रश्न मामांना पडला आणि त्यांनी मला बोलावले. त्यांच्या या सावधपणामुळेच पुढची रक्कम वाचली.

प्रथम राउटर बंद करून संगणक इंटरनेटपासून तोडला आणि ते ॲप काढून टाकले. मामांच्या बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. त्यानंतर एमएसकॉन्फिगमध्ये पाहिले, तर ‘डेट डिसेबल्ड’ या रकान्यात प्रिंट स्पूलर (छपाई सांभाळणारी सर्व्हिस), विंडोज ऑडिओ आणि विंडोज अपडेट यांच्यापुढे त्या ‘दुरुस्ती’च्याच दिवसाची तारीख आणि वेळ उमटलेली होती. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ विभागात ७०४० क्रमांकाच्या नोंदी होत्या. सर्व्हिस सुरू होण्याचा प्रकार बदलला की ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ ही नोंद करतो. ज्या नोंदवहीची भीती त्या माणसाने घातली, तिच्यातच त्याचे कृत्य लिहिलेले होते. या नोंदींत वापरकर्ता म्हणून मामांचेच नाव येते, कारण तो त्यांच्याच खात्यातून काम करत होता. म्हणून त्यांच्या फोनमधील कॉलची वेळ आणि या नोंदींची वेळ शेजारी शेजारी ठेवणे आवश्यक ठरले.

बिघाड दूर करायला फारसा वेळ लागला नाही. सर्व्हिसेसच्या यादीत प्रिंट स्पूलरवर दोनदा क्लिक केल्यावर ‘स्टार्ट’चे बटण दाबता येत नव्हते, कारण ‘स्टार्टअप टाइप’ डिसेबल्ड होता. तो ‘ऑटोमॅटिक’ करून ‘अप्लाय’ केल्यावर बटण चालू झाले. विंडोज ऑडिओसाठी तेच केले. विंडोज अपडेट मात्र मूळच्याप्रमाणे ‘मॅन्युअल’ ठेवली, कारण सगळ्याच सर्व्हिसेस सरसकट ‘ऑटोमॅटिक’ करणे हा उपाय नव्हे.

आम्ही १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर आणि केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, बँकेलाही लेखी कळवले. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. १९३० वर आपण फोन केव्हा करतो याला फार महत्त्व असते, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वीच ते गोठवता येतात.

अशी वेळ आल्यास अनेक जण घाबरून संगणक लगेच फॉर्मॅट करायला देतात, आणि मला याची सर्वांत जास्त काळजी वाटते. सर्व्हिस पुन्हा चालू केली की ‘डेट डिसेबल्ड’ची तारीख जाते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील जुन्या नोंदी जागा भरली की आपोआप पुसल्या जातात. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी दोन्ही ठिकाणचे फोटो मोबाइलवर काढावेत, ‘सिस्टीम’ विभागाची नोंदवही फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर जतन करावी, आणि संगणक दुरुस्तीला त्यानंतरच द्यावा.