आठ महिन्यांच्या वापरानंतर: वाळूचा फिल्टर उत्तम, त्यावरचा काटा मात्र खोटारडा

घरच्या जलतरण तलावासाठी घेतलेला हा वाळूचा फिल्टर आणि त्याच्या जोडीचा पंप वापरायला लागून आता आठ महिने पूर्ण झाले आहेत. ताशी ९,००० लिटर क्षमता, पाण्याचा मार्ग बदलणारा सहा स्थितींचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह वगैरे तपशील खोक्यावरच छापलेले असतात, म्हणून ते येथे पुन्हा देत नाही. माझा तलाव ४५,००० लिटरचा आहे एवढेच आधी नमूद करतो, कारण पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर बेतलेले आहेत. हा अभिप्राय मी तिसऱ्या महिन्यातच लिहायला घेतला होता, आणि त्या मसुद्यात या फिल्टरला पाचपैकी एकच तारा होता. तो मसुदा पाठवला नाही हे बरे झाले. मात्र त्यातली एक तक्रार आजही जशीच्या तशी कायम आहे आणि ती प्रेशर गेजविषयी, म्हणजे फिल्टरमधला दाब दाखवणाऱ्या काट्याविषयी आहे.

तिसऱ्या महिन्यात पाण्याला हिरवट झाक आली. क्लोरीन रोज तपासत होतो आणि ते २ ते ३ पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) दरम्यान असायचे, पीएच ७.५ च्या आसपास असायचा. म्हणजे पुस्तकी निकषांप्रमाणे सारे काही ठीक होते. त्यामुळे दोष फिल्टरचाच असणार, असा निष्कर्ष मी काढला. माहितीपत्रकानुसार स्वच्छ वाळूवर जो दाब असतो त्याच्या वर तो सुमारे पंचवीस टक्के चढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवायची असते. माझा गेज बसवल्या दिवसापासून ०.७ बार दाखवत होता आणि तिसऱ्या महिन्यातही ०.७ च दाखवत होता. सेवा केंद्राला दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत शांतपणे सांगितले की काटा चढत नाही, म्हणजे फिल्टर स्वच्छ आहे. त्यानंतर त्यांनी शेवाळनाशकाची एक बाटली सुचवली. ती ओतल्यावर पाण्याला साबणासारखा फेस आला आणि हिरवट झाक होती तशीच राहिली.

काट्यावर विश्वास नाही आणि पाणी तर डोळ्यांदेखत बिघडते आहे, अशा अवस्थेत मी दोन आठवडे रोज बॅकवॉश केला. एका बॅकवॉशला तीन मिनिटे आणि नंतरच्या रिन्सला एक मिनिट धरले, तर या पंपाच्या वेगाने दर खेपेला ६०० लिटर पाणी बाहेर जाते. चौदा दिवसांचे ८,४०० लिटर झाले. घरातला नळ ठिबकत असला तर मला झोप लागत नाही, आणि येथे मी स्वतःच्या हाताने एवढे पाणी गटारात सोडले. याहून खेदाची गोष्ट मला नंतर समजली: वाळूचा फिल्टर थोडा मळलेला असताना अधिक बारीक गाळ पकडतो, कारण आधी अडकलेला गाळच पुढच्या गाळाला अडवतो. म्हणजे रोजच्या धुण्याने मी त्याची गाळण्याची ताकद कमी करत होतो. गेज खरे बोलला असता, तर यातले काहीही घडले नसते.

पाचव्या महिन्यात चार दिवस घराबाहेर होतो. परत आलो तेव्हा तलावाची तिसरी पायरी दिसत नव्हती, शिडीच्या मागच्या भिंतीला हात लावला तर बोटांना बुळबुळीत थर लागत होता आणि पाणी पालेभाजीच्या उकळीसारखे झाले होते. शेवटी मी एक सविस्तर चाचणी संच मागवला, आणि येथून माझे मत बदलायला सुरुवात झाली.

या संचात सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून जपणारे रसायन, मोजण्याची एक नळी असते. तलावाचे पाणी आणि द्रावण समप्रमाणात मिसळून हलवायचे, मिश्रण दुधाळ होते, मग ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतत राहायचे आणि वरून पाहताना ठिपका दिसेनासा झाला की तेथला आकडा वाचायचा. माझा ठिपका मोजपट्टी सुरू होते तेथेच, १०० च्या रेषेवर, नाहीसा झाला, म्हणजे खरे प्रमाण मोजपट्टीबाहेरही असू शकत होते. नमुन्यात तेवढेच नळाचे पाणी मिसळून पुन्हा मोजले तेव्हा ६५ आले, म्हणजे तलावात १३० पीपीएम होते. साधारणपणे हे प्रमाण ३० ते ५० असावे लागते.

कारण माझ्याच हातात होते. तरंगत्या डब्यात मी दर आठवड्याला २०० ग्रॅमच्या तीन गोळ्या घालत होतो. या गोळ्या ट्रायक्लोर या क्लोरीनयुक्त रसायनाच्या असतात आणि त्या पाण्यात १० पीपीएम क्लोरीन सोडतात, तेव्हा सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिडही सोडतात. क्लोरीन खर्च होते, ॲसिड मात्र पाण्यातच साठत राहते. उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करण्यासाठी ते थोडे हवेच, कारण त्याच्याशिवाय भर उन्हात निम्मे क्लोरीन तासाभराच्या आत उडून जाते. पण ते जास्त झाले की क्लोरीनला असे धरून ठेवते की चाचणीत ‘मुक्त क्लोरीन’ (अजून खर्च न झालेले) दिसत राहते आणि शेवाळ मात्र सुखाने वाढते. मुक्त क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या किमान साडेसात टक्के असावे लागते. १३० ला ते जवळजवळ १० पीपीएम हवे होते, आणि मी २ पाहून समाधानी होतो. एकवीस आठवड्यांच्या गोळ्यांचा हिशेब १५० पर्यंत जातो, तेव्हा वरचे वीस माझ्या त्या अविचारी बॅकवॉशनेच बाहेर नेले असावेत. उधळपट्टीचा तेवढाच काय तो उपयोग.

सायन्युरिक ॲसिड कमी करण्याचा भरवशाचा उपाय पाणी बदलणे हाच आहे. एक तृतीयांश पाणी दोनदा बदलले तर प्रमाण ५८ वर येते, आणि तेवढेच ३०,००० लिटर एकाच वेळी काढून भरले तर ४३ वर येते. अर्थात मी दुसरा मार्ग घेतला. जमिनीतले पाणी वर असताना तलाव फार रिकामा केला तर खालच्या दाबाने तो उचलला जाऊ शकतो, म्हणून जमीन पूर्ण कोरडी असल्याची खात्री केली आणि तळाशी एक तृतीयांश पाणी राखले. क्लोरीन नावापुरतेच उरलेले ते हिरवे पाणी बागेत आणि मागच्या गवतावर सोडले.

नंतरचे नऊ दिवस खऱ्या अर्थाने फिल्टरच्या परीक्षेचे होते. पीएच आधी ७.२ वर आणला, कारण क्लोरीन खूप वाढवल्यावर पीएचची चाचणी विश्वसनीय राहत नाही. मग संध्याकाळी दहा टक्के तीव्रतेचे द्रवरूप क्लोरीन आठ लिटर घातले, त्याने सुमारे १८ पीपीएम पातळी गाठता येते. चाचणीत नमुन्याचा गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे असतात, दर थेंबाला अर्धा पीपीएम. पहिल्या मोजणीला छत्तीस थेंब लागले आणि दोन तासांनी सातच थेंबांत रंग गेला. बाकी सगळे शेवाळाने खाल्ले होते. पुन्हा घातले, पुन्हा मोजले, भिंती दिवसातून दोनदा ब्रशने घासल्या, शिडी काढून तिच्या मागची जागा घासली आणि दिव्याची चौकट उघडून आत साचलेला हिरवा लगदाही काढला. दुसऱ्या दिवशी पाणी करड्या रंगाचे झाले आणि चौथ्या दिवशी निळसर दुधासारखे.

येथे फिल्टरने मला पुन्हा चिडवले. तळाचा मेलेला शेवाळ व्हॅक्यूम केला, तर परतीच्या तोंडातून राखाडी ढग बाहेर आला, कारण इतका बारीक गाळ वाळूतून निसटतो. व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून गाळ थेट बाहेर काढणे हा सरळ उपाय होता, पण ३०,००० लिटर घालवल्यानंतर मला आणखी पाणी सोडवेना. दुसरा उपाय डायटोमेशियस अर्थचा: ही पावडर पाण्यात कालवून स्किमरमधून (पृष्ठभागाचे पाणी फिल्टरकडे ओढणारे तोंड) थोडी थोडी सोडली की वाळूवर तिचा पातळ थर बसतो आणि बारीक गाळ अडतो. (ही पावडर म्हणजे डायटम नावाच्या प्राचीन शेवाळांचे सांगाडे, शेवाळ पकडायला शेवाळाच्याच भाऊबंदांना नेमावे लागले. हाताळताना तोंडावर मास्क हवाच.) पण ती किती घालायची? तर दाब सुमारे ०.०७ बारने चढेपर्यंत. आणि माझा काटा ०.७ वर ठाण मांडून बसलेला.

तेव्हा मी पंप बंद केला आणि गेजकडे पाहिले. पंप बंद, पाणी स्थिर, आणि काटा ०.७ वर. पाच महिन्यांत हे एकदाही तपासले नव्हते, याचा दोष मी स्वतःकडे घेतो. सेवा केंद्राने बऱ्याच वादानंतर बदली गेज पाठवला, तो त्याच जातीचा निघाला आणि लगेच त्याच्या काचेच्या आत वाफ धरली. शेवटी मी स्वतःच ग्लिसरीन भरलेला, पाव इंची आट्यांचा गेज आणून टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला. ग्लिसरीनमुळे पंपाच्या कंपनाने काटा थरथरत नाही. बसवताच खरा आकडा समोर आला: १.१ बार. फिल्टर कधीचा तुंबला होता आणि तरीही बिचारा काम करत होता. बॅकवॉशनंतर काटा ०.६५ वर उतरला. मग पावडर सोडत ०.७२ वर थांबलो, आणि आठव्या दिवशी सकाळी तळाच्या जाळीचे स्क्रू वरून मोजता आले. नवव्या दिवशी रात्री क्लोरीन १८ होते आणि उजाडण्यापूर्वी १७.५, रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी घट, म्हणजे पाण्यात जिवंत शेवाळ उरले नव्हते.

म्हणून फिल्टरविषयीचे माझे पूर्वीचे मत मी मागे घेतो. शेवाळ मारणे हे त्याचे कामच नव्हते. ते क्लोरीनचे काम, आणि क्लोरीनचे हात मी गोळ्या घालून बांधून ठेवले होते. व्हॉल्व्हही पक्का आहे. मूठ फिरवण्यापूर्वी पंप बंद करण्याचा नियम पाळला तर आतली रबरी सील टिकते, आणि माझी आठ महिन्यांत एकदाही गळलेली नाही. पंपाचा आवाज थोडा जास्त आहे, त्याची सवय होते.

आता रोज संध्याकाळी द्रवरूप क्लोरीन घालून ४ ते ५ पीपीएम राखतो. गोळ्यांचा अर्धा डबा फेकवत नाही, म्हणून बाहेरगावी जाताना दोनच गोळ्या घालतो आणि प्रत्येक गोळीमागे सायन्युरिक ॲसिडचे सुमारे २.४ पीपीएम वहीत लिहितो. त्या गोळ्या दुसऱ्या कोणत्याही क्लोरीनच्या पावडरीत मिसळू नयेत, त्यांचे मापही वेगळे ठेवावे. त्यांच्या संयोगाने आग लागू शकते.

चार तारे देत आहे. पाचवा तारा गेजसाठी कापला आहे, आणि एवढ्याशा भागासाठी तो कापणे अनेकांना अन्यायाचे वाटेल याची मला कल्पना आहे. नवा फिल्टर बसवायला माणूस येईल तेव्हा तो जाण्यापूर्वी पंप बंद करायला लावा आणि काटा शून्यावर येतो का ते पाहा. येत नसेल तर त्याच्या कागदावर सही करू नका. माझा जुना गेज टेबलाच्या खणात पडला आहे आणि तेथेही ०.७ बार दाब असल्याचे सांगतो आहे.