ई-अ‍ॅप: अमेरिकी सिक्युरिटी क्लिअरन्सचा अर्ज बदलला, तयारीही बदला

अमेरिकेत गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स. त्याचा ऑनलाइन अर्ज भरायला आधीच्या ई-क्विप यंत्रणेपेक्षा ई-अ‍ॅप निःसंशय चांगलं आहे. पण भारतात जन्मून अमेरिकेचे नागरिक झालेले मराठी अर्जदार एसएफ-८६ हा त्याचा अर्ज भरताना जिथे अडकतात, त्या जागा यंत्रणा बदलली म्हणून सुटलेल्या नाहीत. पाचपैकी साडेतीन गुण.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१५मध्ये, तेव्हा पडताळणी करणाऱ्या ओपीएम या अमेरिकी सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयाकडची २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यातल्या ५६ लाख जणांचे बोटांचे ठसेही गेले होते. २०१९मध्ये अर्जदारांच्या पडताळणीचं काम संरक्षण खात्याच्या डीसीएसए या संस्थेकडे आलं, आणि २०२३च्या ऑक्टोबरपासून नवे अर्ज ई-अ‍ॅपवरच सुरू होतात.

वापरायला ते सुटसुटीत आहे. सगळे विभाग बाजूला दिसतात, ‘हो’ म्हटलं तरच पुढचे उपप्रश्न उघडतात, आणि चूक शेवटी न सांगता तिथल्या तिथे दाखवली जाते. तारखांच्या बाबतीत मात्र ते कडक आहे. राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या दहा वर्षांच्या सलग लागतात. बेरोजगारीचा काळही नोकरीच्या विभागात नोंदवायचा असतो. कन्सल्टिंग कंपनीमार्फत क्लायंटकडे काम केलं असेल तर मालक म्हणून पगार देणारी कंपनी लिहा. प्रत्यक्ष कामाच्या जागेचा पत्ता वेगळा विचारतात. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक पत्त्यासाठी तिथे तुम्हाला ओळखणारी एक व्यक्ती हवी, तेव्हा जुन्या शेजाऱ्यांचे फोन नंबर आधीच गोळा करून ठेवा.

खरी मेहनत नाती, नावं आणि मालमत्ता या तीन ठिकाणी आहे.

विभाग ५मध्ये आजवर वापरलेली सगळी नावं द्यायची. लग्नानंतर नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही बदललेल्या स्त्रियांनी माहेरचं पूर्ण नाव कालावधीसह लिहावं. जुन्या भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडून छापलं असेल, तर तेही वेगळं नाव म्हणून नोंदवा. विभाग १८मध्ये आईवडील, सासूसासरे, सख्खी आणि सावत्र भावंडं, मुलं येतात, हयात असोत वा नसोत. आईचं माहेरचं नावही विचारतात. आधीच्या पिढीत शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख सर्रास लावली जायची. खरी तारीख वेगळी असेल तर कागदपत्रांवरची तारीख द्या, ‘अंदाजे’ची खूण करा आणि टिपणीत कारण लिहा. चुलत, मामे, आते, मावस भावंडं या विभागात येत नाहीत, पण गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा सातत्याचा संबंध आहे ती परदेशी नागरिक असतील तर परदेशी संपर्कांच्या विभाग १९मध्ये जातात. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाव आहे एवढ्याने संबंध जवळचा ठरत नाही. दर रविवारी ज्या मावसबहिणीशी बोलणं होतं ती मात्र नक्की येते.

सगळ्यात जास्त गफलत २०-अ या परदेशातल्या आर्थिक व्यवहारांच्या विभागात होते. वडिलांबरोबर संयुक्त नावावरचा पुण्यातला फ्लॅट, एनआरओ आणि एनआरई ही अनिवासी भारतीयांची बँक खाती, पीपीएफ, शेअर, सगळं डॉलरमधल्या अंदाजे किमतीसह इथे हवं. गावाकडच्या जमिनीचा सातबारा मागवून बघा. आजोबांच्या पश्चात वारस नोंदीत तुमचं नाव लागलेलं असतं आणि तुम्हाला पत्ताही नसतो. बहिणीने भावांच्या नावे हक्कसोडपत्र केलं असेल तर त्याची प्रत आणि तारीख जवळ ठेवा. पुढे मालमत्ता मिळणार असल्याची अपेक्षाही इथे विचारली जाते. आईवडिलांना दरमहा पैसे पाठवता ते ‘परदेशी नागरिकाला आर्थिक साहाय्य’ या प्रश्नाखाली येतं. यात काही गैर नाही. न लिहिणं गैर आहे. परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती सरकारला देणारा वार्षिक अहवाल, भरलेला असायला हवा, कारण या विभागातली खाती आणि तुमचं करविवरण जुळवून पाहिलं जाऊ शकतं.

पासपोर्टचा प्रश्न सोपा वाटतो, पण लांबतो. भारतीय पासपोर्ट कधीही मिळाला असेल तर उत्तर ‘हो’, आणि त्यावर कोणत्या देशांत कधी गेलात तेही द्यावं लागतं. भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर प्रमाणपत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट फेकू नका. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, हे नागरिकत्व नव्हे, तरी ते लपवू नये. जिथे जागा असेल तिथे स्पष्ट लिहावं. परदेश प्रवास सात वर्षांचा हवा. अमेरिकेत येण्याजाण्याच्या नोंदी दाखवणाऱ्या आय-९४ संकेतस्थळावरचा इतिहास पुरेसा मानू नका, पासपोर्टवरचे शिक्के आणि नागरिकत्वाच्या अर्जातल्या सहली यांच्याशी ताडून पाहा. दोन सरकारी अर्जांत दोन तारखा सापडल्या की चौकशी लांबते.

कायद्याने मान्यता असलेल्या राज्यात गांजा घेतला असेल तरी सांगावं लागतं, कारण संघराज्याच्या कायद्यात तो बेकायदाच आहे. समुपदेशनाला गेलात एवढ्यावरून मात्र मानसिक आरोग्याच्या विभागात ‘हो’ म्हणावं लागत नाही. प्रश्न ठरावीक निदानं, न्यायालयाचे आदेश आणि रुग्णालयात दाखल होणं यांविषयी आहेत.

आता सगळ्यात मोठा बदल. पूर्वी टॉप सीक्रेट दर्जाच्या क्लिअरन्सची फेरतपासणी पाच वर्षांनी, त्याखालच्या सीक्रेट दर्जाची दहा वर्षांनी व्हायची. आता सतत पडताळणी असते: अटक, थकबाकी, न्यायालयीन नोंदी आपोआप तपासल्या जातात. पाच वर्षांनी अर्ज अद्ययावत करावा लागतो तो वेगळाच. शिवाय २०१७पासून लागू असलेल्या सीड-३ या सरकारी सुरक्षा निर्देशाप्रमाणे क्लिअरन्स असलेल्यांनी खासगी परदेशवारीची कल्पना निघण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याला द्यायची, आणि १२० दिवसांहून जास्त थकलेलं कर्जही कळवायचं. टॉप सीक्रेटवाल्यांनी परदेशातली खाती, मालमत्ता आणि १० हजार डॉलर किंवा त्याहून मोठी अनपेक्षित रक्कमही कळवायची; वारसाहक्काचे पैसे त्यात धरले जातात. तेव्हा पुण्यातला फ्लॅट विकायचा ठरला की सीएबरोबर सुरक्षा अधिकाऱ्याशीही बोला.

दीड गुण कापला तो परदेशी पत्त्यांचे तोकडे रकाने आणि टिपणीची आखूड जागा यांसाठी. सोसायटी, पेठ, पिन कोड सगळं रस्त्याच्या ओळीत कोंबावं लागतं. अर्ज पाठवल्यावर तुम्हाला तो बदलता येत नाही; कार्यालयाने परत केला तरच उघडतो. म्हणून शेवटची सही करण्याआधी पूर्ण पीडीएफ उतरवून ठेवा. चौकशी अधिकारी मुलाखतीला त्यातलीच वाक्यं वाचून प्रश्न विचारतो.