स्टोरीवीव्हरवरील मराठी बालपुस्तके: दीड वर्षाच्या वापरानंतर

बंगळूरला राहणाऱ्या आमच्यासारख्या घरात मराठी बालपुस्तके ही कोकमे आणि कुळथाच्या पिठासारखी असतात. गावी गेल्यावर पिशवी भरून आणायची आणि पुढची भेट होईपर्यंत पुरवायची. पीठ पुरवता येते, पुस्तके पुरत नाहीत, कारण नुकतेच वाचू लागलेले मूल सोळा पानांचे पुस्तक दोन दिवसांत पाठ करते आणि तिसऱ्या दिवशी हाताशी जे असेल, म्हणजे इंग्रजी, त्याकडे वळते. मध्यंतरी घरपोच पुस्तके देणाऱ्या एका सशुल्क योजनेत आम्ही नाव घातले होते. महिन्याच्या चार पुस्तकांत मराठी एखादेच येई आणि तेही बहुधा मुलीच्या वयाला न जुळणारे, म्हणून सहा महिन्यांनी ती बंद केली. त्यानंतर गेले दीड वर्ष सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांच्यासाठी मी प्रामुख्याने ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ वापरत आहे, आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

२००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा प्रकाशनसंस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, हे संकेतस्थळ सुरू केले. येथील पुस्तके वाचण्यास पैसे पडत नाहीत आणि खाते उघडावे लागत नाही. पुस्तक उतरवून घ्यायचे असेल तरच नाव नोंदवावे लागते. संस्थेने आपली पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली केली असल्यामुळे मूळ लेखक आणि चित्रकार यांचे श्रेय कायम ठेवून ती कोणीही छापावीत, वाटावीत, भाषांतरित करावीत किंवा त्यांत बदलही करावेत, अशी मुभा आहे. फुकट मिळते एवढ्यावरच अनेक पालक थांबतात. मला मात्र या परवान्याचा उपयोग किमतीपेक्षा अधिक वाटला, तो का ते पुढे येईल.

पुस्तकांची मांडणी चार स्तरांत केलेली आहे. पहिल्या स्तरात सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि अडीचशेच्या आत मजकूर. दुसऱ्यात सहाशेपर्यंत, तिसऱ्यात दीड हजारांपर्यंत आणि चौथ्यात त्याहून अधिक शब्द, असे ढोबळ मोजमाप आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे याऐवजी त्याला किती वाचता येते हे विचारणारी ही पद्धत मला पटते, विशेषतः आमच्या मुलीसारख्या मुलांसाठी, ज्यांचे वय सात असले तरी मराठी वाचन पाच वर्षांच्या मुलाएवढे आहे आणि ज्यांना वयानुसार पुस्तक दिले तर ते जड जाते. तरीही मराठीसाठी हा आकडा जपून घ्यावा. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात; ‘घरावरून’ हा मोजताना एकच शब्द, पण वाचणाऱ्या मुलाला त्यातले घर आधी शोधावे लागते. शिवाय पहिल्या स्तराच्या मर्यादेत राहूनही ‘आश्चर्य’ किंवा ‘स्वच्छ’ असे जोडाक्षर वाटेत उभे राहू शकते, आणि तेथे मूल अडखळले की गोष्टीची लय तुटते. म्हणून पुस्तक मुलीच्या हाती देण्यापूर्वी मी ते स्वतः एकदा चाळते, जोडाक्षरे किती आहेत ते पाहते आणि मगच ठरवते. दोन मिनिटांचे हे काम टाळले की हमखास ‘आई, तूच वाच’ असे ऐकावे लागते.

माझ्या मते या संकेतस्थळाचे खरे बळ एकच पुस्तक अनेक भाषांत मिळण्यात आहे. मुलगी शाळेत कन्नड शिकते, तिच्या मैत्रिणी कन्नड आणि तेलुगू बोलतात, घरी मराठी आहे. चित्रे तीच आणि भाषा वेगळी असे पुस्तक समोर आले की ती आधी कन्नड वाचते आणि मग मराठी. गोष्ट माहीत असल्यामुळे अर्थ शोधण्याचे श्रम वाचतात आणि सगळे लक्ष अक्षरांवर राहते. प्रवासातील शेजारी भेटल्यासारखे ती ओळखीचे शब्द हेरते आणि कोणत्या भाषेने कोणता शब्द घेतला यावर वाद घालते. ‘मराठी वाच’ असा आग्रह धरून मला जे दोन वर्षे जमले नव्हते, ते अशा जोडवाचनाने चार महिन्यांत जमू लागले.

दर्जाबाबत मात्र डोळे उघडे ठेवणे आवश्यक आहे. येथे कोणीही गोष्ट लिहू शकतो आणि कोणीही भाषांतर करू शकतो. एवढ्या मोकळ्या दारातून सर्वच मराठी नितळ येणे शक्य नाही, आणि काही पानांवर वाक्य मराठी पण त्याची चाल दुसऱ्याच भाषेची, असा प्रकार आढळतो. यावर उपाय सोपा आहे: शोध घेताना भाषा आणि स्तर यांबरोबर प्रकाशकही निवडावा, आणि आरंभी प्रथम बुक्सने स्वतः काढलेल्या पुस्तकांपुरते राहावे. त्यांची चित्रे हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे. गोरे-गोमटे राजपुत्र आणि बर्फाच्छादित झोपड्या यांऐवजी त्यांत बसथांबे, पाण्याच्या टाक्या, मासळीबाजार आणि दुपट्टा सांभाळत सायकल चालवणाऱ्या मुली दिसतात, आणि मुलगा तर मजकूर नसलेली पुस्तके नुसती चित्रांवरून मला सांगत बसतो. काही निवडक पुस्तकांना ध्वनीची जोड असून वाचला जाणारा शब्द पडद्यावर रंगतो. मी ती फारशी वापरत नाही, कारण मुले मग ऐकतात आणि डोळे भटकतात.

पडद्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: लहान मुलाच्या हाती फोन देऊन त्यावर पुस्तक उघडले, तर पुस्तक पाच मिनिटे टिकते आणि फोन अर्धा तास. त्यामुळे मी आवडलेली पुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून कोपऱ्यावरील झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणते. एका कागदावर दोन पाने घेतली तर रंगीत प्रतही फारशी महाग पडत नाही. कृष्णधवल प्रत त्याहून स्वस्त, आणि मुलगा ती रंगवण्याच्या वहीसारखी वापरतो. शाईचा खर्च जास्त वाटल्यास संस्थेची छापील पुस्तके विकत घ्यावीत, कारण त्यांच्याही किमती सामान्य घराला परवडतील अशा आहेत.

तिसऱ्या स्तरानंतर मराठीतील निवड मला अपुरी वाटते. सलग दहा-पंधरा पाने वाचू लागलेल्या मुलाला प्रकरणांची लांब गोष्ट, कोडी, विज्ञान, पत्रे असे मिश्र खाद्य लागते, आणि ते चित्रपुस्तकांच्या संग्रहात सापडण्याची अपेक्षा करणेही योग्य नाही. त्या टप्प्यासाठी मी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे वळणार आहे; १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. बाहेरगावी राहणाऱ्या, पाच ते आठ वर्षांच्या मुलांना मराठी अक्षरांची गोडी लावू पाहणाऱ्या पालकांनी मात्र स्टोरीवीव्हरपासूनच आरंभ करावा, असे मी सांगेन.

परवान्याचा उपयोग सांगायचा राहिला. माझ्या सासूबाई कुडाळला असतात आणि रविवारी संध्याकाळी फोनवर नातीबरोबर वाचतात. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती काढून एक त्यांना पाठवते, आणि त्यांच्या चष्म्याला सोयीचे व्हावे म्हणून ती पूर्ण आकारात छापते. एका पुस्तकात खार आली तेव्हा त्यांनी वाचन थांबवून ‘अगो, खार खंयची? चानी ती!’ असे बजावले. नातीने लगेच आपल्या प्रतीतील सातही ठिकाणची खार पेन्सिलीने खोडून चानी केली, आणि परवान्याच्या अटींप्रमाणे, लेखक-चित्रकारांची नावे मागील पानावर तशीच असल्यामुळे, तिला तो अधिकारही होता.