कबरीचा दगड करून घेताना: नगरच्या एका दगडकाम कारखान्याविषयी

नगरच्या या लहानशा कारखान्यात ख्रिस्ती कबरींचे दगड कोरून मिळतात. काम चोख आहे, पण मजकुराबद्दल मिळणारा सल्ला त्याहून मोलाचा.

घरचे लोक मजकूर आणतात तो बहुधा असा: नावापुढे बी.ए., बी.एड., खाली निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीचे (चर्चचे) माजी पंच, दोन-तीन पुरस्कार, आणि बायबलमधल्या वचनाला तळाशी बोटभर जागा. इथे पैसे अक्षरावर लावतात, तरीही कारागीर आधी पदव्याच काढायला सांगतो. २४ बाय १८ इंचांच्या दगडावर दीड इंची अक्षरांच्या, मात्रा-उकार धरून, जेमतेम सहा ओळी बसतात. बारा कोंबल्या की अक्षर पाऊण इंचाखाली येते. मग सँडब्लास्टिंगच्या, म्हणजे दाबाने वाळू मारून कोरण्याच्या, माऱ्यात दगडावर चिकटवलेल्या स्टेन्सिलच्या रबराचे बारीक तुकडे उडतात, अक्षरांच्या पोटातली मोकळी जागाही कोरली जाते आणि ‘व’ व ‘ब’ सारखेच दिसू लागतात.

पण खरे कारण जागेचे नाही. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी (काटेकोर यहुदी पंथाचा), अशी आपली सगळी यादी प्रेषित पौल बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मांडतो, आणि ख्रिस्ताच्या ओळखीपुढे ती हानीच्या बाजूला टाकतो. आपल्याकडेही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. कष्टाने मिळवलेल्या पदवीचा घरच्यांना अभिमान असतो आणि तो रास्तच आहे. स्मरणसभेत ती जरूर वाचावी. दगडावर मात्र नाव, दोन तारखा आणि वचन. वचनाला निम्मी जागा द्या. कबरस्तानात येणाऱ्या परक्या माणसालाही ते उपयोगी पडते.

दगड काळा ग्रॅनाइटच घ्या. संगमरवरावर दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळ चढते. कोरीव खोली निदान २ मिमी सांगा. सोनेरी रंग कधी ना कधी उडणारच, पण खोल अक्षर सावलीवरही वाचता येते. लेझरचे काम स्वस्त पडते, मात्र ते वरचे पॉलिश तेवढे खरवडते. उघड्यावर पुसट होते.

उणीव बसवण्याच्या कामात आहे. उभा दगड नुसत्या पांढऱ्या सिमेंटवर चिकटवून देतात. स्टेनलेस स्टीलच्या दोन पिना घालायला आधीच सांगा, नाहीतर गुरांचा धक्का लागला तरी दगड आडवा होतो. पहिल्या स्मृतिदिनाच्या उपासनेची तारीख गाठायची म्हणून घाई करू नका. कबरीत भरलेली माती एक पावसाळा बसू द्यावी लागते; काळ्या जमिनीत तर नक्कीच. नाहीतर ओटा कलतो आणि दगडाला तडा जातो.

स्टेन्सिल कापण्याआधी मूळ आकाराचा कागद मागून घ्या. नावाचे ऱ्हस्व-दीर्घ, तारखा, वचनाचा अध्याय आणि ओवी पवित्र शास्त्र उघडून ताडून पाहा. कारखान्यात नाव तपासतात, वचन नाही, आणि एकदा रबर कापले की दुरुस्तीचे पैसे वेगळे.