ठाण्यातील संकेतस्थळ नूतनीकरण सेवा: प्लगइनमधून बाहेर पडताना

नौपाड्यातील आमच्या गायनवर्गाचे संकेतस्थळ २०१२ मध्ये फ्लॅशवर, म्हणजे ध्वनी-चलचित्रांसाठी ब्राउझरला वेगळे जोडाव्या लागणाऱ्या अडोबी कंपनीच्या प्लगइनवर, बांधले होते. तानपुऱ्याच्या चित्रावर क्लिक केले की षड्ज-पंचम घुमू लागे आणि पालक कौतुक करीत. आयफोनवर मात्र त्या जागी रिकामी चौकट दिसे, कारण २००७ मध्ये बाजारात आलेल्या या फोनने फ्लॅशला कधीच थारा दिला नाही. पुढे अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरला रामराम ठोकला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच फ्लॅशच्या फायली चालवणे थांबवले आणि आमचा तानपुरा सर्वांसाठीच मुका झाला.

गेल्या वर्षी संकेतस्थळ नव्याने बांधण्याचे काम वागळे इस्टेटमधील एका छोट्या संस्थेकडे सोपवले. त्यांनी पहिल्याच भेटीत मूळ एफएलए फाइल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती फ्लॅशची कच्ची फाइल, मागितली. जुन्या डिझायनरने आम्हाला केवळ तयार एसडब्ल्यूएफ, म्हणजे प्लेअरमध्ये चालणारी अंतिम फाइल, दिली होती. मूळ फाइल मागून घ्यायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. तरीही एसडब्ल्यूएफमधून ध्वनिमुद्रणे बाहेर काढून त्यांनी ती एमपी३ स्वरूपात प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच आवाज वाजवणाऱ्या साध्या ऑडिओ टॅगने बसवली. रफल या, फ्लॅश प्लेअरची नक्कल करणाऱ्या एमुलेटरद्वारे जुने पान जसेच्या तसे चालवण्याचा स्वस्त पर्यायही त्यांनी सांगितला आणि तो घेऊ नका असेही स्पष्ट सांगितले, हे मला विशेष आवडले.

जुन्या डिझायनरला सगळा दोष देणे न्याय्य होणार नाही. प्लगइनशिवाय ध्वनी-व्हिडिओ चालवू देणाऱ्या एचटीएमएल५ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची अंतिम मान्यता २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाली, आणि त्याआधी कोणता ब्राउझर कोणते व्हिडिओ स्वरूप चालवील याचा मेळ नव्हता. परंतु प्लगइनच्या चौकटीखाली ध्वनिमुद्रणाची एक साधी लिंक ठेवणे तेव्हाही अशक्य नव्हते.

नव्या कामातही उणिवा राहिल्या. मुखपृष्ठावरील वार्षिक मैफलीचा व्हिडिओ आवाजासह आपोआप सुरू होईल असे आश्वासन होते. आजचे ब्राउझर सहसा तसे होऊ देत नाहीत, हे सुपूर्द करण्याच्या दिवशी कळले. शेवटी तो मूक सुरू होतो आणि आवाजाचे बटण दाबावे लागते. बंदिशींच्या व्हिडिओंना उपशीर्षके देण्याचेही राहून गेले आहे.

दर वाजवी, बोलणे सरळ आणि काम वेळेत. पाचपैकी चार तारे. या वेळी सर्व मूळ फायली पेनड्राइव्हवर ताब्यात आल्यावरच शेवटचा हप्ता दिला.