छातीत दुखतंय: ट्रोपोनिन की वर्तुळाकार आरएनए?

खानापूर किंवा निपाणीहून छातीत कळ येणारा माणूस बेळगावला पोचला, की पहिल्या १० मिनिटांत ईसीजी आणि लगोलग ट्रोपोनिनची रक्तचाचणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. कळ येऊन तासभरच झाला असेल तर पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावर घरी जाऊ नका. साधारण ३ तासांनी दुसरा नमुना द्याच. मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरीही आकडा चढलेला दिसतो.

आता दुसरा उमेदवार. आरएनए म्हणजे पेशीतला जनुकांची माहिती वाहणारा धागा; तो वर्तुळाकार असला की त्याला मोकळी टोकंच नसतात. टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) ते वर्तुळ दाद देत नाही, म्हणून टिकतं. २०१६ च्या अभ्यासात झटक्यानंतर ज्यांच्या रक्तात 'मिक्रा' हे वर्तुळ कमी होतं, त्यांच्या डाव्या जवनिकेची (शरीराला रक्त पंप करणाऱ्या हृदयाच्या कप्प्याची) ताकद घटण्याचा धोका जास्त आढळला. म्हणजे ट्रोपोनिन आजची इजा दाखवतं, हे पुढची वाट सुचवतं. मला यातच त्याचं मोल वाटतं.

मोजणी मात्र किचकट. मोजण्याआधी आरएनएची डीएनए प्रत काढावी लागते, आणि ती प्रायमर नावाच्या छोट्या तुकड्यापासून सुरू होते. इथं पॉली-ए शेपूट (अनेक आरएनएंच्या टोकाला असणारी 'ए' अक्षरांची माळ) नसल्यानं तिला चिकटणारा ऑलिगो-डीटी प्रायमर चालत नाही, कुठंही चिकटणारे रँडम प्रायमर लागतात. मग पीसीआरमध्ये, म्हणजे त्या प्रतीच्या असंख्य नकला काढताना, प्रायमर पाठीला पाठ लावून ठेवले नाहीत, तर वर्तुळ नसलेला, सरळ रेषेतला आरएनएही मोजला जातो. रात्रीच्या तातडीला ही चाचणी कामाची नाही.