व्हॅलोरंट: मोड वाढवायचे की आहेत तेच नीट चालवायचे?

जळगाव, धुळे काय किंवा नंदुरबार काय, गेमिंग कॅफेत पैसे तासावर जातात. म्हणून व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या गेमला नवा मोड, म्हणजे खेळायचा नवा प्रकार, हवा का, याचं उत्तर इथे घड्याळ बघूनच द्यावं लागतं. रँकची मॅच, म्हणजे जिच्या निकालावर तुमचा दर्जा ठरतो ती, 13 राउंड जिंकेपर्यंत चालते. बंदुकांच्या खरेदीला 30 सेकंद, राउंड 1 मिनिट 40 सेकंदांचा, आणि स्पाइक (हल्ला करणाऱ्या टीमने लावायचा बॉम्ब) लागला की पुढचे 45 सेकंद वेगळे. मॅच अटीतटीची झाली तर 40 मिनिटं कुठेच गेली नाहीत, 12-12 झाल्यावर ओव्हरटाइम वर. तासात एक मॅच होते. दुसरी सुरू करून मध्येच उठलात की पेनल्टी तुम्हाला आणि बाकीचे चौघे पाचांसमोर, कारण बदली खेळाडू मिळत नाही.

कमी वेळवाल्यांची सोय मात्र आधीच आहे. स्पाइक रशमध्ये 4 राउंड जिंकायचे, बंदूक सगळ्यांना सारखीच, हल्ला करणाऱ्या प्रत्येकाकडे स्पाइक. मजा आहे, पण शिकायला फारसं काही नाही. डेथमॅचमध्ये अॅबिलिटी (पात्रांच्या खास शक्ती) नाहीत, निव्वळ नेम. 2023 मध्ये आलेला टीम डेथमॅच त्याहून कामाचा: 100 किलपर्यंत, अॅबिलिटीसकट, आणि मेलात तरी लगेच परत. रँकआधी हात गरम करायला हाच घ्यावा. किल होतील तशी बंदूक बदलत जाणारा एस्कलेशन गंमत म्हणून ठीक.

खरा विचार करायला लावतो तो स्विफ्टप्ले. 5 राउंड जिंकायचे, साधारण पंधरा मिनिटांत मोकळे. ‘यालाच रँक द्या’ ही मागणी सारखी होते, आणि ती चुकीची आहे. चौथ्या राउंडनंतर बाजू बदलते, म्हणजे पहिला आणि पाचवा हे दोन पिस्तूल राउंड (पैसे कमी, म्हणून पिस्तुलावरच खेळायचे). जास्तीत जास्त 9 राउंडांत 2 पिस्तूलचे! रँकच्या मॅचमध्ये ते 24 मध्ये 2 असतात. एका शेरिफ पिस्तुलाच्या गोळीवर रँक चढायला-उतरायला लागला तर गेममधले पैसे वाचवणं, हरलेल्या राउंडात बंदूक जपणं, 2900 क्रेडिटची व्हँडल रायफल पाचही जणांना एकदम परवडेल अशी वाट बघणं, हे सगळं वाया. गेमचा अर्धा डाव तर तिथेच आहे.

शिवाय प्रत्येक मोड मॅच मिळायची रांग कापतो. पाच विरुद्ध पाचच्या मॅचला दहा खेळाडू लागतात, तेही जवळपासच्या कुवतीचे आणि एकाच सर्व्हरचे. मुंबईच्या सर्व्हरवरची तीच गर्दी आणखी तुकड्यांत वाटली की वाट बघणं वाढतं, नाहीतर खालच्या सिल्व्हर रँकवाल्यासमोर वरचा डायमंडवाला येतो. भरिताचं वांगं कच्चं राहिलं तर वरून दाणे आणि कांद्याची पात कितीही घाला, तोंडात कच्चंच लागणार.

त्यापेक्षा रेप्लिकेशन (अख्खी टीम एकच पात्र घेते), स्नोबॉल फाइट (बंदुकीऐवजी बर्फाचे गोळे) असे जुने मोड आळीपाळीने आणावेत, एका वेळी एकच. नवीन द्यायचंच तर सरावाचं द्या: खऱ्या मॅपवर स्पाइक लागलाय, समोर दोन बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू), 7 सेकंदांचं डिफ्यूज, म्हणजे स्पाइक निकामी करणं, पूर्ण करून दाखवा. हल्ली सरावाच्या रेंजमध्ये बॉट मारून डिफ्यूज करायचा सराव आहे, पण खऱ्या मॅपवर असं काही हवं असलं तर कस्टम गेममध्ये चीट्स चालू करून, अॅबिलिटी अमर्याद ठेवून स्वतःच मांडावं लागतं. डिफ्यूज अर्ध्यावर, म्हणजे साडेतीन सेकंदांवर पोचलं की तेवढं जमा राहतं. हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही आणि ते प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू झाल्यासारखे घाबरून सोडून देतात.

मोड कुठलाही असो, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पीसी तापून फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं. सेटिंगमध्ये एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम) मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या आसपास ठेवा, मेनूत तर 30 पुरे. वाय-फायऐवजी केबल घ्या, आणि पॅकेट लॉसचा (वाटेत हरवणाऱ्या डेटाचा) आकडा स्क्रीनवर चालू ठेवा. तो हलत असेल तर रँकची रांग लावू नका. मॅचमध्ये वीज गेलीच तर परत आल्यावर गेम उघडून ‘रीकनेक्ट’ दाबा. मॅच संपलेली नसेल तर त्याच टीममध्ये परत जाता येतं.